तांबूला मारलेली हाक

उसावरचं धुकं उतरायच्या आत गोठ्यातून हाक यायची. "ये गं तांबू, ये माझी बाय." आणि थोड्या वेळानं, जरा वैतागलेल्या सुरात, "आई, चरवी आण की गं."

वैजयंता मगदूम तेव्हा चुलीपाशी नाहीतर मोरीपाशी असायची. हातातलं काम टाकून ती फळीवरची धारेची पितळी चरवी उचलायची, पदरानं पुसायची आणि परड्यातून गोठ्याकडे निघायची. खरं तर चरवीची तिथं कुणालाच गरज नव्हती. धार काढायचं यंत्र सडांना आपलं आपण लागायचं आणि दूध नळीतून थेट डेअरीच्या बंद टाकीत जायचं. त्याला माणसाचा हात लागलेला डेअरीला खपत नसे. तरी हाक आली की वैजयंता जायची, दारात उभी राहून "आणली गं" म्हणायची आणि रिकामी चरवी परत आणून फळीवर पालथी घालायची. संध्याकाळी पुन्हा तेच.

हाक मारणारी तिची लेक श्रुतिका बंगळुरात होती. गोठ्यात होता तो खांबाला ठोकलेला एक डबा. डेअरीनं त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण गावानं त्याचं बारसं कधीच उरकलं होतं. गावात त्याला हाकाऱ्या म्हणत.

हाकाऱ्या कशासाठी लागतो हे समजायचं तर आधी दुधाबद्दलचा एक सोयीचा गैरसमज बाजूला ठेवावा लागेल. कास म्हणजे पिशवी, सड म्हणजे तोटी, पिळलं की झालं, असं आपण धरून चालतो. दूध इतकं स्वस्त नसतं. ते रक्तातून घडतं. लिटरभर दूध तयार व्हायला कासेतून काहीशे लिटर रक्त फिरून जावं लागतं. कासेत डोळ्यांना न दिसणारे लाखो फुगे असतात. त्यांच्या भिंतीतल्या पेशी रक्तातून लागेल तेवढं उचलतात, त्याची साखर, स्निग्धांश आणि प्रथिनं करतात आणि आत साठवतात. पण हे दूध आपण होऊन खाली येत नाही. प्रत्येक फुग्याभोवती स्नायूंची बारीक जाळी असते, तिनं फुगा आवळला तरच ते सडात उतरतं. आणि आवळायचा हुकूम येतो गायीच्या मेंदूकडून. वासरानं ढुशी दिली, ओळखीचा हात लागला, ओळखीचा आवाज आला, की मेंदूच्या बुडाशी असलेली ग्रंथी ऑक्सिटोसिन नावाचं रसायन रक्तात सोडते. मिनिटभरात कास ताठ होते, सड भरतात. यालाच आपण पान्हा म्हणतो. तो काही मिनिटंच टिकतो. त्यातही गाय बिचकली, तिला परका वास आला, तर दुसरं रसायन धावून येतं आणि पान्हा जिथल्या तिथं थांबतो. मग लोक म्हणतात, गाय दूध चोरते.

परदेशी वाणाच्या गायी याबाबतीत फार मनाला लावून घेत नाहीत. तांबूच्या अंगात मात्र गीरचं रक्त होतं. तिची आई तिला जन्म देऊनच गेली आणि शाळकरी श्रुतिकानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. तांबू पहिल्यांदा व्याली तेव्हा धारेला श्रुतिकाखेरीज कुणाला बसू देईना. तोवर ठीक होतं. पण श्रुतिकाचे वडील भूपाल हृदयविकारानं गेले आणि पुढच्याच वर्षी श्रुतिका शिकायला पुण्याला गेली. तांबूनं पान्हा चोरला. वैजयंतानं गूळ चारला, गाणी म्हटली. शेवटी लेकीचा जुना पंजाबी ड्रेस अंगात कोंबून ती धारेला बसली आणि लाथ खाऊन उठली. ही गोष्ट गावानं बरेच दिवस चवीनं सांगितली.

त्याच सुमाराला डेअरीनं हाकारे आणले. वासरू जन्मताच डेअरीच्या वासरूघरात न्यायचं, तिथं त्याला भुकटीचं दूध पाजायचं, आणि गोठ्यात गायीला तिच्या माणसाचा आवाज ऐकवायचा, अशी ती योजना. श्रुतिका दिवाळीला आली तेव्हा डेअरीचा बाहुबली कोरे गोठ्यात माइक लावून बसला. मी नाहीच असं समजा, रोजच्यासारखी धार काढा, असं त्यानं सांगितलं. श्रुतिकानं तेच केलं. नेहमीसारखी हाक मारली आणि नेहमीसारखीच चरवी आत विसरून आली होती म्हणून आईला ओरडून मागितली. बाहुबली म्हणाला, तेवढं वाक्य काढून टाकतो. पण डब्यानं ते काढू दिलं नाही. चरवी मागितली की पाठोपाठ चरवीचा आवाज येतो आणि हात लागतो हे तांबूला पाठ होतं. त्या वाक्यापाशीच तिचा पान्हा सगळ्यात जोरात यायचा.

कारण हाकाऱ्या नुसता ध्वनिमुद्रण वाजवणारा डबा नव्हता. तांबूच्या कासेला एक पट्टा असे. कास किती वेळात ताठली, दूध किती जोरानं आलं, हे तो डब्याला कळवायचा. प्रत्येक धारेला डबा आवाजात केसभर बदल करून बघायचा. दूध लवकर आलं तर तो बदल राखायचा, नाही आलं तर सोडायचा. श्रुतिका कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त कास ठाऊक होती.

अशी आठ वर्षं गेली.

या आठ वर्षांत वैजयंता एकटी पडली. एकेक घर कुलूप लावून गेलं, शेजारची अक्काताई मुलाकडे सांगलीला गेली, आणि परड्यात उभं राहून बोलावं असं कुणी उरलं नाही. श्रुतिकाचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं. ती दर रविवारी फोन करायची, चुकायची नाही. "हं आई, बोल. गोळी घेतलीस? जेवलीस?" बोलण्यात माया होती, पण ती घाईत असायची. फोन ठेवल्यावर वैजयंताला वाटायचं की बँकेतल्या बाईशी बोलून आलो. मग संध्याकाळ व्हायची आणि गोठ्यातून लेक म्हणायची, "आई, चरवी आण की गं." त्या आवाजाला कसली घाई नव्हती. त्याला ती काहीबाही सांगायची. आज भाकरी करपली, आज कंबर धरली. हळूहळू तिनं सकाळचा चहा गोठ्यातच प्यायला सुरुवात केली.

श्रुतिका दिवाळीला येई तेव्हा मात्र वैजयंता आधीच गोठ्यात जाऊन डब्याचा आवाज अगदी बारीक करून ठेवायची आणि दार ओढून घ्यायची. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. लाज वाटायची एवढं खरं.

म्हणून श्रुतिकानं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं काढलं तेव्हा वैजयंतानं हो म्हटलं नाही. बाळंतपणाचे महिने काही आवाज बारीक करून निभावण्यासारखे नव्हते. इथं दवाखाना लांब, तिथं सोयी बऱ्या, तुझी सासू आहेच, असं ती म्हणाली. मग तूच इकडे ये, असं श्रुतिकानं म्हटल्यावर ती म्हणाली, तांबूला टाकून कशी येऊ. तिनं डिंकाचे लाडू पाठवले. नातीचं बारसं तिनं फोनच्या पडद्यावर पाहिलं. नाव अन्वी ठेवलं. श्रुतिका तेव्हा काही बोलली नाही, आणि वैजयंतानं तिचं न बोलणं सोयीनं ऐकलं नाही.

अन्वी तीन महिन्यांची झाली आणि एक दिवस दुपारकलती दारात बिनचालकाची गाडी येऊन थांबली. श्रुतिका कळवल्याशिवाय आली होती. रजा संपत आली होती, आईला घेऊनच जायचं असं ठरवून ती निघाली होती. वैजयंतानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, नातीला छातीशी धरून रडली. त्या गडबडीत गोठ्यातला आवाज बारीक करायचा राहिला.

अन्वी सोप्यात झोपली होती. श्रुतिका चहाचा कप घेऊन उंबऱ्यात बसली होती. गोठ्यातून हाक आली आणि तिच्या कुडत्याचा पुढचा भाग बघता बघता ओला झाला. तिनं चमकून मागं पाहिलं. पोर शांत झोपली होती.

ती उठून गोठ्यात गेली. तांबू डोळे अर्धवट मिटून उभी होती. नळीतून दूध धडधडत चाललं होतं. खांबावरचा डबा म्हणत होता, "ये गं ताऽऽम्बू." आणि मग, "आऽऽई." शेवटचा स्वर वर चढायचा आणि चढता चढता चिरकायचा. पुढचे चरवीचे शब्द आता नुसते पुसट हुंकार राहिले होते. श्रुतिकानं दोन्ही हात छातीवर दाबून धरले. दूध थांबत नव्हतं.

मागून वैजयंता आली. हातात चरवी होती. "आणली गं," ती डब्याकडे बघून म्हणाली. मग तिला श्रुतिका दिसली.

"आई, हा कुणाचा आवाज आहे?"

"कुणाचा म्हंजे? तुझा की."

"मी अशी कधी बोलते? हे वासरू ओरडतंय, आई."

वैजयंताला राग आला. आईला लेकीचा आवाज कळत नाही काय, असं ती म्हणाली आणि चरवी घेऊन घरात गेली.

दुसऱ्या दिवशी श्रुतिकानं बाहुबली कोरेला बोलावलं. आता त्याचे केस पिकले होते आणि तो डेअरीत साहेब झाला होता. त्यानं सगळं आनंदानं समजावलं. मूळ आवाज ताईंचाच, पण आठ वर्षं रोज दोनदा केसभर सरकत सरकत तो लांब गेला. सस्तन प्राण्यांच्या पिल्लांच्या रडण्यात एक सारखेपणा असतो. सूर वर चढतो आणि टोकाला फुटतो. गाय असो, शेळी असो, बाई असो, आईचं अंग त्याला उत्तर देतं. डब्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, त्यानं तांबूच्या कासेकडून ते शोधून काढलं. म्हणून तर तांबूचं दूध तालुक्यात वरचढ, असं तो कौतुकानं म्हणाला. वैजयंता सगळं खाली मान घालून ऐकत होती. तिनं एकच गोष्ट विचारली, पहिलावाला आवाज कुठं ठेवला असेल का. बाहुबलीनं मान हलवली. नवा आवाज जुन्यावरच चढत जातो, जुना ठेवत नाहीत.

त्या संध्याकाळी श्रुतिकानं डबा बंद केला. ती यंत्र बाजूला सारून जुन्या पाटावर धारेला बसली. तिनं तांबूच्या कासेवरून हात फिरवला आणि हाक मारली, लहानपणी मारायची तीच. तांबूनं मान वळवून खांबाकडे पाहिलं, डब्याकडे. मग ती पाय आपटायला लागली. कास दगडासारखी झाली होती, पण सडात थेंब नव्हता. श्रुतिकाला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं घराकडे तोंड करून आवाज दिला, "आई, चरवी आण की गं."

वैजयंता चुलीपाशी भाकरी थापत होती. आवाज तिच्या कानावर आला. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. पुन्हा आवाज आला. तिनं दुसरा गोळा मळायला घेतला.

श्रुतिका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. फळीवर चरवी पालथीच होती.

"दोनदा हाक मारली, आई."

"तू मारलीस?" वैजयंता म्हणाली. "मला वाटलं, फोनवर कुणाशी बोलाय लागलीस."

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. तिचे पिठाचे हात परातीतच राहिले. आठ वर्षं डब्यासाठी दिवसातून दोनदा उठणारी बाई पोटच्या पोरीच्या हाकेला जागची हलली नव्हती. तिला लाज वाटली, भीती वाटली, आणि सगळ्यात जास्त वाटलं ते हे, की आपली लेक कशी बोलते ते आपल्याला आता आठवत नाही. ती आठवायला गेली तर डबाच आठवत होता.

गोठ्यात तांबू हंबरडा फोडत होती. दूध कासेतच राहिलं तर कासेचा दाह होतो, जनावराला ताप चढतो. वैजयंता हात तसेच घेऊन गोठ्यात गेली आणि तिनं डबा चालू केला. पान्हा आला. श्रुतिका छाती झाकून घेत घरात निघून गेली आणि पोरीला पाजायला बसली.

जेवणं झाल्यावर सोप्यात दोघी बसल्या. मग वैजयंता सांगायला लागली. ती या घरात नवी नवरी होऊन आली तेव्हा गोठ्यात एक म्हैस होती. तिचं रेडकू मेलं. सासूनं त्याचं कातडं काढून घेऊन त्यात पेंढा भरवला, पोट शिवून घेतलं, आणि रोज धारेच्या वेळी ते म्हशीपुढं ठेवलं. म्हैस ते चाटायची आणि पान्हा सोडायची. चाटून चाटून त्याचे केस गेले, टाके उसवले, पेंढा बाहेर आला. वैजयंताला शिसारी यायची, तिनं सासूला सांगून बघितलं, पण नव्या सुनेचं कोण ऐकतं.

"म्हशीला कळत नसेल का गं?" श्रुतिकानं विचारलं.

"कळत असंल. न चाटून करती काय?"

श्रुतिका म्हणाली, "तिचं रेडकू मेलं होतं, आई. मी जिवंत आहे."

वैजयंतानं हात पुढं केला आणि श्रुतिकाच्या मांडीवरच्या अन्वीचं पाऊल धरून ठेवलं.

माझ्याबरोबर चल, असं श्रुतिकानं दोनदा म्हणून बघितलं. वैजयंता आत्ता लगेच येते म्हणेना. तांबूची सवय मोडल्याशिवाय तिला कुणाच्या भरवशावर टाकता येत नाही, असं ती म्हणाली, आणि या वेळी ते खरं होतं. रविवारी गाडी आली. श्रुतिका वाकून पाया पडली, पोरीला घेऊन बसली आणि गेली. जाताना ती रागात नव्हती. राग असता तर बरं झालं असतं, असं वैजयंताला वाटलं.

सोमवारी ती वासरूघरात गेली आणि तांबूची महिन्याभराची कालवड मागून घेऊन आली. बाहुबलीनं बरंच समजावलं. वासरू पाजलं तर डेअरीला दूध कमी पडेल, गाय हाकाऱ्याला मग जुमानणार नाही. वैजयंता म्हणाली, नको जुमानू दे. डब्याची वायर तिनं स्वतः काढली आणि डबा बाहुबलीच्या हातात दिला.

सोपं गेलं नाही. तांबूनं आपली पोर ओळखली नाही. पहिल्या दिवशी तिनं कालवडीला लाथेनं उडवलं. वैजयंतानं कालवडीच्या पाठीला मीठ चोळलं, जुन्या बायका चोळायच्या तसं, आणि तांबूपुढं उभी केली. तांबूनं हुंगलं, मान फिरवली, रिकाम्या खांबाकडे बघून हंबरली. वैजयंता गरम पाण्यानं कास शेकत बसायची, हातानं निघेल तेवढं काढायची. निघायचं ते ओंजळभर. असे काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी तांबूनं मिठासाठी कालवडीची पाठ चाटायला घेतली ती थांबलीच नाही. पाठ झाली, मान झाली, कान झाले. कालवड धडपडत मागं गेली आणि तिनं कासेला ढुशी दिली. तांबू स्थिर उभी राहिली. कालवडीच्या तोंडातून फेस गळायला लागला.

वैजयंता भिंतीला टेकून बघत राहिली. दूध आलं याचा तिला आनंद झाला. गोठा इतका शांत होता की कालवडीचे घोट ऐकू येत होते. आई म्हणून कुणी हाक मारली नव्हती आणि आता मारणारही नव्हतं.

ती घरात आली. फळीपाशी जाऊन तिनं सवयीनं चरवी उचलली, पुसली, आणि हातात घेऊन तशीच उभी राहिली. कुठं न्यायची ते कळेना. मग ती सोप्यात जाऊन बसली आणि तिनं फोन लावला.

"आई?" पलीकडून आवाज आला. "आज कसा काय? रविवार नाही आज. तब्येत बरी आहे ना?"

"बरी हाय. तांबूनं पान्हा सोडला."

"डब्याशिवाय?"

"पोरीला सोडला. कालवड चाऱ्याला लागली की मी येते तिकडं."

पलीकडे अन्वी कुरकुरत होती.

"श्रुती," वैजयंता म्हणाली, "आई म्हण."

"काय?"

"आई म्हण एकदा."

"आई."

आवाज जाडसर होता, थकलेला. किंचित सर्दी झाल्यासारखा. शब्द आखूड होता, शेवटी खाली उतरणारा, वर चढत नव्हता. वैजयंतानं डोळे मिटून ऐकला. कुणा अनोळखी बाईचा आवाज ऐकावा तसा तो तिला वाटला. कुठंच ओळख पटेना.

"अजून एकदा म्हण," ती म्हणाली आणि चरवी मांडीवर घेऊन नीट बसली.